बाईंनी पुन्हा वाचलेलं शेवटचं पान

सुमतीबाईंशी माझी ओळख शिरोड्याच्या वाचनालयात झाली, तीही बोलणी खाऊन. शाळेत नव्यानेच रुजू झालेला मी, ऐटीत एक कादंबरी मागितली आणि वर म्हणालो, सिनेमा पाहिलाय, आता पुस्तक नुसतं चाळतो. चाळायला घरी पीठ आहे, असं सांगून बाईंनी पुस्तक परत कपाटात ठेवलं.

बाई आमच्या शाळेत मराठी शिकवत आणि वाचनालयही सांभाळत. मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या घरून रोज पेज यायची. सोबत पुस्तक यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर प्रश्न. आजाऱ्यालाही सवलत नव्हती.

शनिवारी दुपारी बाई वाचनालयाच्या पडवीत कादंबरी मोठ्याने वाचत. ऐकायला विद्यार्थी, आम्ही शिक्षक आणि अक्षरओळख नसलेल्या बायकाही येत. त्यांतल्या जानकीकाकी कधी चुकल्या नाहीत. त्यांचे यजमान बोटीवर गेले, त्यांची पुढे खबर आली नाही.

एकदा बाईंनी अशाच एका खलाशाची कादंबरी वाचली. पुढे देवळाच्या मांडवात तिच्यावरचा सिनेमा व्हिडिओवर लागला. पुस्तकात बायको वाट बघत राहते. सिनेमात नवरा गाणं म्हणत परत येतो. पुढच्या शनिवारी आम्ही सगळे सिनेमावर तुटून पडलो. बाई तर सर्वांत पुढे. गेलेल्या माणसाला परत आणणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं त्या म्हणाल्या.

तेव्हा काकींनी हळूच विचारलं, "बाई, पुस्तकातलां खरां काय शिनेमातलां?"

बाईंनी पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान सावकाश पुन्हा वाचलं. मग एरवी कधी प्रमाण मराठी न सोडणाऱ्या बाई मालवणीत म्हणाल्या, "काकी, तो इलो असां हयसर नाय. पण तो मेलो असां पण खंय लिवलेलां नाय. तां आमीच ठरवलां. माझां चुकलां."

खरोखरच, तो आला असं पुस्तकात नव्हतं, पण तो मेला असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर न आलेला माणूस गेला असंच धरतात, म्हणून आम्हीही धरलं होतं. भर पडवीत, विद्यार्थ्यांसमोर आपली चूक कबूल करणाऱ्या बाई त्या दिवशी मला फार मोठ्या वाटल्या.

बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्या मुलाकडे पुण्याला राहायला जाणार, असं ऐकतो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, आणि नातवंडांचे लाड करायला त्यांनी खुशाल जावं. फक्त परत यावं. काकींना आणखी एका माणसाची वाट बघायला लागू नये.