जाऊबाईंची ओली चढण

माझ्या थोरल्या जाऊबाई गाडी चालवायला शिकल्या त्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या भाऊजींच्या, गॅरेजमुळे. गॅरेज घराला लागूनच. दुरुस्तीला आलेल्या गाड्या अंगणात मागेपुढे करायला कुणीतरी हवं असायचं, म्हणून त्या स्टिअरिंगवर बसल्या त्या बसल्याच. आज डोंगरावरच्या दवाखान्यात नर्सबाईंना आणि औषधांच्या खोक्यांना घेऊन जाणारी जुनी फोर व्हील, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी त्याच चालवतात. केस घट्ट बांधायचे, आरसा पुसायचा, निघायचं. वळणावर हॉर्न असा वाजवतात, जणू कुणाला तरी जेवायला हाक मारताहेत.

भाऊजी म्हणजे मुलखाचे प्रेमळ, आणि हाताचे फार सढळ. बिजागरीला तेल घालतील तर दार उघडणाऱ्याचा हात माखेल. कुंडीला पाणी घालतील तर रोप पोहायला लागेल. "अहो, जरा हात आवरा," असं जाऊबाई सारख्या म्हणतात, आणि ते "असू दे गं" म्हणून आणखी थोडं ओततात.

मध्यंतरी भाऊजींनी त्या गाडीची पुढची चाकं खोलून मन लावून साफसफाई केली. त्यानंतर गंमतच झाली. झऱ्याजवळची चढण, जी बारा महिने ओली असते, ती जाऊबाईंना चढेना. गाडी अर्ध्यावर जायची आणि मागे घसरायची. नर्सबाई बिचाऱ्या खोकं उचलून पायी गेल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मागून आलेला दूधवाला आपल्या गाडीच्या खिडकीतून ओरडला, "काकू, आता नातवंडं सांभाळा!"

संध्याकाळी जाऊबाईंनी किल्ली भाऊजींपुढे ठेवली. "उद्या डॉक्टरबाईंना सांगून टाकते, दुसरा माणूस बघा म्हणून. माझ्या हातात राम राहिला नाही."

"फोर व्हीलचा दिवा लागतो ना?"

"लागतो."

"मग गाडी ठीक आहे."

भाऊजी साधंच बोलले, पण त्याचा उरलेला अर्थ आम्हा दोघींना कळला. जाऊबाई तेच ते पातेलं विसळत राहिल्या. मग हात न पुसताच बाहेर आल्या.

"असं करा, उद्या तुम्हीच चढवून दाखवा. मी खाली उभी राहून शिकते."

सकाळी त्यांनी दवाखान्यात फोन केला, थोडं बोलायचं आहे, येतेय म्हणून. भाऊजी स्टिअरिंगवर बसले, आम्ही दोघी मागे. एवढ्या नाराजीतही, ही फोर व्हीलची भानगड काय असं मी विचारल्यावर जाऊबाई समजावून सांगायला लागल्याच.

"हे बघ, एरवी पुढची चाकं आपली मोकळी फिरतात, इंजिनाशी त्यांचं देणंघेणं नसतं. चाकाच्या मधोमध ती डबी दिसते ना, ते हब. गिअरशेजारचा तो लीव्हर टाकून गाडी हलवली, की इंजिनाकडून चाकापर्यंत आलेला दांडा फिरतो. त्याच्या फिरण्यानंच हबमधली दातेरी कडी सरकते आणि चाक दांड्याला जखडतं. पूर्वी चिखलात उतरून हे हातानं करावं लागायचं."

"आणि सोडवायचं कसं?"

"लीव्हर परत जागेवर, आणि गाडी सरळ थोडी मागे घ्यायची. कडी सुटते."

चढण आली. भाऊजींनी लीव्हर टाकला, दिवा लागला, गाडी जोरात निघाली. आणि झऱ्यापाशी अगदी तशीच घसरली. जाऊबाई उतरून कडेला वाकल्या.

"अहो, हळूहळू रेस द्या. थांबू नका."

मागची चाकं चिखल उडवत गरागरा फिरत होती. पुढची दोन्ही ढिम्म.

"दिवा लागलाय गं!" भाऊजी खिडकीतून म्हणाले.

"लागू दे. पुढच्या चाकांना तो दिसत नाही."

भाऊजी उतरले. चिखल फक्त मागच्या चाकांखाली उकरला होता. गाडी मागे सपाटीवर घेऊन त्यांनी डावं हब खोललं. आतून घट्ट ग्रीसचा लगदा बाहेर आला.

"एवढं ग्रीस कुणी भरलं?" सवयीनं त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी त्यांच्याच माखलेल्या हाताकडे बोट केलं. भाऊजींचे कान लाल झाले, आणि मग तेच हसायला लागले.

कडी त्या लगद्यात रुतली होती. उजवं चाक जखडलं होतं, पण डावं सुटं. जोर नेहमी सोपी वाट धरतो. पुढे आलेला सगळा त्या सुट्या दांड्याला फिरवण्यात जायचा, उजव्या चाकाला काहीच मिळायचं नाही. दिवा सांगतो तो फक्त लीव्हर पडल्याचं. इंजिन आणि चाकाचं जुळलं की नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

"काल मी दिव्यावर विश्वास ठेवला," भाऊजी रॉकेलनं कडी धुताना खाली मान घालून म्हणाले. "तुझ्यावर नाही."

"धुवा नीट," जाऊबाई म्हणाल्या. पण आवाज निवळला होता.

दोन्ही हब स्वच्छ झाली. तेलाचा पातळ हात द्यायची वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी डबा स्वतःकडे घेतला आणि थेंब थेंब करून दिला. मग त्या स्टिअरिंगवर बसल्या. लीव्हर पडला, पुढून बारीकसं टक् ऐकू आलं, आणि गाडी चढण अशी चढली, की भाऊजींना धरायला दांडी शोधावी लागली.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. "काय बोलायचं होतं?"

भाऊजी बुटाचा चिखल काढण्यात फारच गुंतले.

"खालच्या वस्तीतल्या त्या दोन म्हाताऱ्या," जाऊबाई म्हणाल्या, "गुडघ्यांमुळे इथवर येत नाहीत ना? पुढच्या खेपेपासून त्यांनाही घेऊन येते. मागची सीट रिकामीच असते."