आप्पांची गार गाडी

मालेगावात शिरलं की आमचे आप्पा गाडीच्या काचा वर करायचे. नाशिकपासून चारही काचा उघड्या ठेवून, उन्हाच्या झळा तोंडावर घेत आलेले असायचे. पण माझ्या सासरची गल्ली दिसली की सगळं बंद. घामाने निथळत दारापर्यंत यायचे, रुमालाने चेहरा पुसायचे, केसांवरून कंगवा फिरवायचे आणि मग ऐटीत उतरायचे. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, “गार नसली तरी चालंल, बंद दिसली पाहिजे.”

आप्पा माझे थोरले काका. सातपूरच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे माझं माहेर म्हणजे आप्पा. लेकीला आणायला माहेरचा मुराळी गेला पाहिजे, ती सासरच्या गाडीतून आली तर माहेराची मान खाली जाते, असं मानणारी आमची माणसं. आणि माझ्या सासरी तर भलीमोठी गाडी, भर उन्हाळ्यात आत बसलं की पदर अंगाभोवती घ्यावासा वाटे अशी. ती पाहिल्यावर आप्पांनी हौसेने जुनी एसी गाडी घेतली.

तिचा एसी मार्चपर्यंत खरंच छान चाले. मे उजाडला की त्याचा जीव जाई. हमरस्त्यावर गाडी पळत असली तर जरा गारवा येई, पण नाशकात द्वारकेच्या चौकात वाहनांत अडकली की जाळीतून कोमट वारा सुटे. दर उन्हाळ्यात आप्पा गॅस भरून आणत, आठवडाभर खूश असत आणि पुन्हा काचा खाली. काकू टोमणे मारायची. आप्पा ऐकून घेत आणि गाडीचीच बाजू घेत. “एसीत काय खोट नाय,” ते म्हणत, “उन्हाळाच लय माजलाय.”

मला सातवा महिना लागला तो नेमका मे महिन्यात. सासूबाईंनी फोनवर आप्पांना स्पष्ट सांगितलं की या उन्हात गाडी गार असेल तरच या, नाहीतर आमची गाडी सोडून येईल. त्यांना माझी काळजी होती. आप्पांना त्यात स्वतःची पायरी दिसली. गाडी एकदम गार आहे, असं ते छातीठोकपणे सांगून बसले.

मग त्यांनी डोकं लावलं. घरच्या कूलरचा वाळ्याचा पडदा काढला, ओला केला आणि गाडीच्या तोंडाशी, वारा आत शिरतो त्या जाळीवर तारेने बांधून टाकला. ओल्या वाळ्यातून कूलरचा वारा गार होतो, तर गाडीचा का नाही होणार, हा त्यांचा हिशोब. मालेगावातून निघण्यापूर्वी त्यांनी पडद्यावर बादलीभर पाणी ओतलं. सासूबाईंनी वाळ्याचा वास आला म्हणून कौतुकही केलं. त्या दिवशी आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता.

सकाळी निघायचं ते पाहुणचारात दुपार झाली. राहुडचा घाट चढताना आधी एसी गरम झाला, मग इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला, मग बॉनेटमधून वाफ. त्या जाड पडद्याने इंजिनाचा वाराच अडवला होता. घाटात सावलीचं झाड नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आप्पांनी पडदा ओरबाडून काढला, त्यात उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर पिळलं, अंगातला सदरा काढला आणि नुसत्या बनियनवर भर रस्त्यात तो माझ्यावर धरून उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात जोडत होते. शेवटी एका कांद्याच्या टेम्पोने आम्हाला चांदवडच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. बाळ ठीक आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा आप्पा भिंतीला टेकून खालीच बसले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मालेगावला सांगू नको, बाई.” त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी फोनवर म्हणाले की चांदवडला चहाला थांबलोय आणि गाडी मस्त गार आहे. ते ऐकताना आप्पांची मान जी खाली गेली, ती मी फोन ठेवला तरी वर आली नाही.

पुढे त्यांनी गाडी विकून टाकली. माझ्या लेकीच्या बारशाला सासरची माणसं आली, तर आप्पा आचाऱ्याजवळ कांदे चिरत बसले. मला न्यायलाही पुन्हा आले नाहीत, चुलतभावाला पाठवायचे. मला वाटे, बोलता बोलता आपलं बिंग फुटेल, ही त्यांना भीती असावी.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला सासूबाई आल्या होत्या. गोदाघाटावरून परतताना मी सवयीने म्हणाले, माझ्या बाळंतपणाला किती गार गाडीतून आणलं होतं त्यांनी मला.

सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला होता मला. पडद्याचं, घाटातलं, दवाखान्याचं, सगळं सांगितलं. म्हणाले, पोरीला मी माझ्यासाठी खोटं बोलायला लावलं, तिला काही बोलू नका. रडले गं ते. तुझ्या माहेरचा माणूस माझ्यापुढे रडला, हे तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?”

मला मान वर करवेना. इतकी वर्षं कुठल्याही लग्नकार्यात गाड्यांचा विषय निघाला की मी आमच्या आप्पांच्या गार गाडीचं कौतुक करायचे, आणि दर वेळी सासूबाई शेजारी बसून म्हणायच्या, “हो, फारच गार होती.”