देवरेभाऊंचा गड

कुवेतमध्ये "डोंगर चढायला येता का?" असं विचारणारा मला एकच माणूस भेटला, तो म्हणजे देवरेभाऊ. एका घरच्या सत्यनारायणाला प्रसादाची वाटी हातात धरून त्यांनी हे विचारलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्या देशात उंच म्हणाव्यात त्या पाण्याच्या टाक्याच. देवरेभाऊ मूळचे नाशिकचे, जहरा गावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. मी फरवानियात राहायचो आणि राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजचं स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळायचो. डोंगराशी माझा संबंध पर्वतीपुरता.

पण जहराच्या पुढे, बसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खरंच एक डोंगर आहे. त्याचं नाव मुतला. आता हे नाव मराठी माणसानं चारचौघांत घ्यायचं कसं? वहिनींनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "शी! हे हो कसलं नाव?" तेव्हापासून देवरेभाऊ त्याला गड म्हणायला लागले. बुरूज नाही, दरवाजा नाही, झाड तर औषधालाही नाही. पण आमच्या पाच-सहा मराठी घरांत तो गडच झाला.

१९९० च्या जूनमध्ये मी एकदाचा त्यांच्याबरोबर गेलो. वहिनी मुलीला घेऊन सुट्टीसाठी नाशिकला गेल्या होत्या. सकाळी सातलाच गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. चढ काही फार नव्हता, पण ऊन वरून लागत होतं तेवढंच खालच्या दगडांतूनही येत होतं. "पुणेकर, तहान लागायची वाट नाही बघायची," असं म्हणत देवरेभाऊ दर दहा मिनिटांनी मला थांबवून दोन घोट पाणी प्यायला लावायचे. तरी अर्ध्यावर माझं डोकं गरगरायला लागलं आणि मी खाली बसलो. त्यांनी पंचा भिजवून माझ्या डोक्यावर टाकला आणि स्वतः उन्हाकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. त्यांची सावली माझ्यावर पडावी म्हणून ते असे उभे आहेत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"भाऊ, तुम्ही जा पुढे," मी म्हणालो.

"मी कशाला जाऊ? शेवटचा माणूस आल्याशिवाय मी हलत नसतो. बसा निवांत. गड कुठे पळून चाललाय?"

अर्धा तास ते तसेच उभे होते. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी रिवाज म्हणून बूट काढले आणि चटका बसताच टुणकन उडी मारून पुन्हा घातले. मी हसलो, तेही हसले. खाली खाडीचं पाणी पांढरट दिसत होतं. मला तो माणूस फार आवडला.

ऑगस्टच्या सुरुवातीला इराकी रणगाडे शहरात आले. त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे आठवत नाहीत. खुबूसची रोटी मिळते का बघायचं आणि आपल्या लोकांना न्यायला बस कधी सुटणार ते विचारायचं, एवढंच काम. शेवटी बसऱ्यामार्गे जाणाऱ्या एका बसमध्ये आम्हा दोघांना जागा मिळाली. ती फरवानियातून सकाळी नऊला सुटणार होती. आदल्या दिवशी दुपारी आमच्या खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, माझ्यासाठी देवरेभाऊंचा फोन आला. जहराकडून शहरात येणाऱ्यांना सैनिक परत पाठवत होते. लाइन खरखरत होती.

"पुणेकर, मी गडावर थांबतो. सीट धरून ठेवा."

"बरं, गाडीवर. नऊला."

"बरं," तेही म्हणाले, आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी मी माझी बॅग त्यांच्या सीटवर ठेवून पाऊण तास बस थांबवून धरली. बस ठरवणारे सरदारजी शेवटी म्हणाले, "भाईसाब, और नहीं रुक सकते." बस निघाली. वाटेत सैनिक असल्यामुळे सगळ्यांना पडदे लावून बसायला सांगितलं होतं. जहरा मागे पडलं, थोड्या वेळानं इंजिन कण्हायला लागलं, म्हणजे चढ आला. तेव्हा मला ते फोनवरचे शब्द पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी बरोबर ऐकू आले. उठून "गाडी रोको" म्हणायला हवं होतं. पुढे चौकी होती, बसमध्ये बायका-मुलं होती, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. मी पडदा बोटभरही सरकवला नाही. चढ संपला, इंजिनाचा आवाज हलका झाला.

देवरेभाऊ परत आले नाहीत. १९९१ मध्ये, लढाई संपल्यावर, त्यांच्या दवाखान्यातली एक नर्स मला मुंबईत भेटली. त्या दिवशी पहाटे ते दोन बाटल्या पाणी घेऊन बाहेर पडले, एवढंच तिला माहीत होतं. मग मी नाशिकला गेलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. वहिनींनी चहा दिला, मी तो प्यालो. मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"तुमची गाडी त्याच रस्त्यानं गेली ना, भाऊजी?" वहिनींनी विचारलं. "तुम्हाला दिसले नाहीत का कुठं?"

"नाही दिसले, वहिनी," मी म्हणालो.

यात एक शब्दही खोटा नव्हता.