फ्लॉपी जागेवर, बिलं गायब

मी आज पेन्शन खातो ते तालुक्याच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या मास्तरांमुळे. घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिक झालं नव्हतं. त्यांनी मला बी.एस्सी.पर्यंत ढकललं. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला फौजदार होतो. तेव्हाच्या एका प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही डोकं तापतं.

एका सोमवारी सकाळी जवळच्या एका कारखान्याचा मालक तणतणत ठाण्यात आला. कॉम्प्युटरमधली सगळी बिलं पुन्हा गायब झाली होती.

"मशीन चालू करणारी मुलगी एकच आहे, साहेब. नोकराने केलेली चोरी लिहा आणि टाका तिला आत!"

वरिष्ठांनी मला विचारलं, "बिलं ज्यात होती ती फ्लॉपी कुठाय?"

"जागेवर आहे, सर."

"मग चोरीला काय गेलं रे?"

पण मालक हटेना, आणि त्याची वर ओळख होती. संध्याकाळपर्यंत अटक करा, असा निरोप आला.

मुलगी घाटकोपरची. वडील गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले, तिच्याच पगारावर घर. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारपूस केली.

"काय करतेस रोज?"

"चप्पल काढते, मशीनला हात जोडते, 'सुरू' टाइप करते आणि बटण दाबते. एवढंच शिकवलंय मला, साहेब."

"कोणी शिकवलं?"

"प्रोग्रॅमर सर येतात ना, दर शनिवारी. बिलं गेली की तेच परत आणून देतात. शिव्या मात्र मला! आज आत गेले तर उद्या मला कोण कामावर घेणार?"

या वेळी मालक रागाच्या भरात प्रोग्रॅमरऐवजी आधी आमच्याकडे आला होता. मीच प्रोग्रॅमरला कारखान्यात बोलावलं. दोन पंच घेतले, हवालदाराला त्याच्या पाठीशी उभं केलं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं की यंत्र ऐकत नाही.

"आपल्या ठाणे अंमलदारासारखंच की, साहेब," हवालदार म्हणाला. "अर्ज चुकला की जा परत!"

प्रोग्रॅमरने त्याच्याकडच्या जादा फ्लॉपीवरून बिलं परत आणली. मग मी सांगितलं, "बंद करा. आता रोजच्यासारखं चालू करून दाखवा."

संशयिताकडून रोजचं काम करून घ्यायचं, ही आमची जुनी रीत. तोंड खोटं बोलतं, हाताला ते जमत नाही. हा गडी एकेक लांबलचक हुकूम टाइप करत बसला.

"अहो, तिला एक शब्द शिकवलात. तुम्ही तो का नाही वापरत?"

"असंही चालतं, साहेब."

"मग तसंही चालवा. टाका 'सुरू'."

त्याचा हात काही उठेना.

"नको, बिलं जातील," तो पुटपुटला.

'सुरू' ही एक फाइल होती. तिच्यात रोजचे हुकूम एकाखाली एक लिहिलेले. तो शब्द टाइप केला की यंत्र ते ओळीने पाळत जाई. ती फाइल मी पडद्यावर उघडायला लावली. मधल्या एका ओळीत सगळी बिलं पुसण्याचा हुकूम होता. मुलीला काम येतं असं पाहून मालक याच्या शनिवारच्या फेऱ्या बंद करणार होता. म्हणून हा शनिवारी ती ओळ घालायचा, आणि बिलं परत आणायला आला की गुपचूप काढायचा. आज मध्ये आम्ही आलो, ती काढता आली नाही.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! त्या आठवड्यात मास्तरांना लिहिलेलं पत्र असं:

"ती. मास्तरांना सा. नमस्कार.

सगळी हकिगत सोबतच्या कागदावर लिहिली आहे. मुलीसाठी चोरीचं कलम तयार होतं; ओळ लिहिणाऱ्याला लावायला मात्र नुकसानीच्या अदखलपात्र कलमापलीकडे, म्हणजे ज्यात आम्हाला थेट अटकही करता येत नाही, काही सापडलं नाही. मालकाने तक्रारही मागे घेतली. प्रोग्रॅमरवाचून मशीन चालत नाही म्हणे. त्याला ठेवला, आणि ठाण्याची पायरी चढली म्हणून मुलीला काढलं. मी भांडलो, उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या सहीने तिला लिहून दिलं, की हिच्याविरुद्ध काही निघालेलं नाही, हिने 'सुरू' हा शब्द सांगितल्यामुळेच गुन्हेगार सापडला. असं लिहून द्यायचा मला अधिकार नाही. वरिष्ठांनी विचारलं तर कबूल करीन. काल ती सांगून गेली, मुलुंडला एका ऑफिसात तो कागद वाचून तिला कामावर घेतलं.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी."