मुहूर्त नसलेल्या दिवसांचा खेळ

पुण्यात शोधलं तर काय मिळत नाही? कसबा पेठेत तांब्याच्या बंबाला नवा तळ ठोकून देणारा माणूस मिळतो. मंडईत सोललेलं केळफूल मिळतं, वर ते कसं शिजवायचं याचं फुकट व्याख्यान मिळतं. पण चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, सपाट आणि जिच्यावर कोणाचीही स्कूटर उभी नाही अशी जागा मागून बघा. लोक असे बघतात, की जणू आपण त्यांच्या मुलीला मागणी घातली आणि मुलगा दाखवायलाच विसरलो.

एवढीच जागा पिकलबॉलला लागते. मध्ये कमरेएवढं नेट, हातात टेबल टेनिसच्या बॅटची थोरली बहीण शोभेल अशी बॅट आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू. मला खेळाचं वेड मुळीच नव्हतं. मला नवऱ्याचं भांडण परत हवं होतं.

नवऱ्यानं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याआधी हा माणूस दिवसभर कोणाशी ना कोणाशी वाद घालायचा. रिक्षावाल्याशी रस्त्यावरून, दूधवाल्याशी मापावरून आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी तर उच्चारांवरून. निवृत्तीनंतर तो खुर्चीत बसला आणि हळूहळू त्याचं बोलणं आटलं. काहीही विचारलं की "हं". एका दुपारी मी आमटीत मीठच घालायला विसरले. तो मुकाट्यानं जेवला, हात धुतले आणि परत खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवशी मी खरी घाबरले.

हिंजवडीत नोकरी करणारी आमची मुलगी एका रविवारी आम्हाला बाणेरच्या बाजूला त्यांच्या खेळाला घेऊन गेली. चौथा भिडू आला नव्हता, म्हणून तिनं बापाच्या हातात बॅट दिली. पहिलाच चेंडू रेषेपाशी पडला.

"आउट," नवरा म्हणाला.

"बाबा, क्लिअर इन होता!"

"कोण म्हणतं? तू तिथून बघतेस, मी इथून बघतोय. माझ्या पायापाशी पडलाय तो!"

झालं. आवाज असा चढला की शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. चेंडू आउटच होता, मी स्वतः पाहिला होता. पण मी ठासून म्हणाले, "इन होता." आणखी बराच वेळ भांडण चाललं. येताना गाडीतही तो बोलत होता.

घरी आल्यावर त्यानं अट घातली. "मी खेळेन. पण जागा शोधायची तू. ज्या दिवशी खेळायला निघालो आणि जागा नाही मिळाली, त्या दिवसापासून खेळ बंद. मग मला खुर्चीतून उठवायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. पुण्यात जागेच्या भावाचा अंदाज असलेली बाई असं कधीच म्हणाली नसती.

सुरुवात आमच्याच सोसायटीपासून केली. सकाळी गाड्या कामावर गेल्या की पार्किंगचा एक पट्टा रिकामा होतो, तिथे नेट लावलं. त्या चेंडूचा आवाज मात्र टॉक, टॉक असा घणाघाती. दुसऱ्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई गॅलरीतून वाकल्या.

"अहो, खाली सुतार बसवलाय का?"

"नाही हो बाई, आम्ही खेळतोय."

"असं होय! मला वाटलं, काही काम चाललंय."

तिसऱ्या दिवशी बाई खाली आल्या, बरोबर नेटच्या जागी खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी कोवळं ऊन घ्यायला सांगितलंय. पार्किंगमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी येतं. तुमचं चालू द्या." आम्ही नेट गुंडाळलं.

भाड्याची कोर्टं होती, पण सोयीच्या सगळ्या वेळा आयटीतल्या पोरांनी मोबाइलवरून आधीच धरलेल्या. आमच्यासाठी उरायची ती भल्या पहाटेची. नवऱ्यानं साफ नकार दिला. "चहाच्या आधी मी कोणाशी भांडत नाही," तो म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं.

मग मी प्रवासातही जागा हेरायला लागले. पाहुण्यांकडे जायचं ठरलं की ते फोनवर विचारायचे, "जेवायला काय करू?" मी विचारायचे, "गच्ची सपाट आहे का?" कोल्हापूरच्या गच्चीला पाणी वाहून जायला उतार होता. चेंडू कुठेही मारा, शेवटी पन्हाळीत. कोकणात माझ्या मामेबहिणीचं खळं मात्र बघताक्षणी मनात भरलं. घरापुढचं चोपून कडक केलेलं अंगण, बाजूला पोफळी, झकास सावली. फक्त निम्म्या खळ्यात सुपारी वाळत घातलेली.

"अगो, ती सुपारी जरा सरकवू का?" मी लाडात विचारलं.

"हात लावून बघ," ती ओटीवरून म्हणाली. "कडेकडेनं खेळा. आणि सुपारीला चेंडू लागला की गुण माझा."

आम्ही तासभर खेळलो. ती जागची हलली नाही, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली आणि दणदणीत जिंकली. नवरा जेवताना तिच्याशी नियमांवरून भांडत होता आणि ती त्याला वाढत होती. तो सोलकढी तीनदा मागून प्यायला, "मीठ कमी आहे" असंही म्हणाला. मी ओटीवर जाऊन आनंदानं एकटीच हसून घेतलं.

पण कोकणात रोज जाता येत नाही. पुण्यातली जागा मला सापडली ती एका लग्नात. बायका नवरीची पैठणी बघत होत्या, मी फरशी बघत होते. जुनं मंगल कार्यालय, मंडईपासून चालत जाण्यासारखं. उंच छत, खांब कडेला, मधे गुळगुळीत शहाबादी फरशीचा ऐसपैस हॉल. मी पंगत सोडून पावलांनी लांबी मोजायला लागले, तेव्हा नवरीच्या आत्यानं माझं काही हरवलं का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यवस्थापकांना गाठलं. सुपारीची डबी समोर ठेवून बसलेले कृश गृहस्थ.

"लग्न कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमचं झालंय."

"मग तक्रार असेल तर इथे घेत नाही."

मी सगळं समजावलं. मुहूर्त नसेल त्या दिवशी हॉल रिकामा असतो, तेवढ्याच सकाळी द्या. त्यांनी डबीतली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "रेषा रांगोळीच्या काढा, चुना नको. आणि कार्य नसताना नटून येऊ नका, लोक चौकशी करतात."

तेव्हापासून आमच्या घरी पंचांग उलटं वाचलं जाऊ लागलं. इतरांना विवाहमुहूर्त हवे असतात, मला कोरे दिवस. ओळखीच्या घरात लग्न ठरलं की मी काळजीनं विचारायचे, "तारीख कुठली?" पितृपक्ष जवळ आला की माझा चेहरा उजळायचा. सासूबाईंनी एकदा विचारलंच, "अगं, श्राद्धपक्षाचा एवढा कसला उत्साह?"

आणि नवरा? नवरा हॉलमध्ये बहरला. रेषा तिरकी काढलीस म्हणून माझ्याशी भांडायचा, पंखा चेंडू ओढतो म्हणून व्यवस्थापकांशी. घरी येऊन कोशिंबिरीलाही नावं ठेवायचा. सगळं कसं सुखाचं चाललं होतं.

त्या सकाळी पंचांगात मुहूर्त नव्हता. मी दोनदा बघितलं होतं. कार्यालयापाशी पोचलो तर आत सनई वाजत होती. मी म्हटलं, स्पीकर तपासत असतील. दारातच एका मुलीनं माझ्या हातावर अत्तर लावलं आणि दुसरीनं नवऱ्यावर गुलाबपाणी शिंपडलं. नवरा गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, पाठीवर नेटची पिशवी. आत हॉलभर माणसं, समोर बोहल्याची तयारी.

व्यवस्थापक टेबलापाशीच होते. "काढीव मुहूर्त," ते म्हणाले. "मुलाला परवा परदेशी जायचंय. पंचांगात नसला तर गुरुजी काढून देतात. पुण्यात जन्म गेला आपला, एवढं ठाऊक नाही?"

ठाऊक होतं हो! माझ्या स्वतःच्या बहिणीचं लग्न काढीव मुहूर्तावर झालंय. पण कोरा दिवस दिसला की मी आंधळी व्हायचे.

"काल फोन केला होता. आपण उचलला नाहीत," त्यांनी वर मीठ चोळलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. चेहरा पुन्हा तसाच, त्या आमटीच्या दुपारसारखा. "जागा नाही तर खेळ बंद, ठरलं होतं ना," तो हळूच म्हणाला. "चल घरी." वादसुद्धा घातला नाही.

तेवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ धावत आले. नवरीचे मामा. "वरपक्ष ना? अहो, असे दारात काय उभे? नाश्ता घ्या आधी!"

"आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही," नवरा म्हणाला.

"मग तर घ्यायलाच हवा. बाकी दोन्ही पक्ष रुसून बसलेत."

त्यांनी आम्हाला ओढत नेऊन बसवलं. समोर शिऱ्याची आणि उपम्याची बशी आली. मी बशी तशीच धरून बसले. घरी जायचं, म्हणजे पुन्हा दिवसभर "हं". नवऱ्यानं उपम्याचा एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग थांबला आणि वर छताकडे बघायला लागला.

"पंगती कुठे बसतात?" त्यानं मामांना विचारलं.

"वरच्या मजल्यावर."

नवरा उठला. बशी हातात घेऊनच तो व्यवस्थापकांच्या टेबलापाशी गेला. मी मागोमाग.

"पहिली पंगत किती वाजता?"

"साडेबारा."

"आत्ता वर काय आहे?"

"टेबलं मांडलीत."

"ती भिंतीला लागतील का?"

व्यवस्थापकांनी सुपारी खायची थांबवली. "अहो, आपण खेळायला आलात की कार्य मोडायला?"

"दिवस आमचा होता! आपण दिलेला शब्द होता! एक फोन करून जबाबदारी संपते? हिनं उचलला नाही तर दुसरा करायचा!"

"मी दिवसाला शंभर लोकांना फोन करतो. आपण कोण, वरमाई?"

"आणि हा उपमा! यात लिंबू कुठाय?"

लोक बघायला लागले. मामा "आज नको हो, आज नको" म्हणत मधे पडले. सनई वाजत होती. मी खांबाला टेकून शिरा खायला घेतला. अप्रतिम होता.

अखेर व्यवस्थापकांनी हात जोडले. "माझ्या मेव्हण्याचं लॉन आहे, कात्रजच्या पुढे. आज रिकामं आहे. मी फोन करतो. पण आपण आत्ताच्या आत्ता निघा."

"नंबर मला द्या," नवरा म्हणाला. "हिच्याकडे नको. जागेचं आता मी बघणार, हिला पंचांगसुद्धा वाचता येत नाही!"

रस्त्यावर येऊन त्यानं स्वतः रिक्षा थांबवली आणि बसायच्या आधीच स्वारगेटवरून जायचं की नाही यावर रिक्षावाल्याशी जुंपली. लॉन म्हणजे गवत. गवतावर हा चेंडू एकदा पडला की उठत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिथे पोचल्यावर कोणाची तरी चूक निघायला हवी होती ना!