पायऱ्यांचं माप

मुख्य रस्त्यावरच्या कापडाच्या शोरूमला लागून, जिन्याखालच्या कोपऱ्यात टेलरबाईंच्या नवऱ्याचं शिलाई मशीन होतं. वीस वर्षं तिथंच. शोरूम वाढलं तसं शेटजींच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. त्यांनी अतिक्रमण म्हणून तक्रार केली आणि एका सकाळी नगरपालिकेच्या माणसांनी मशीन उचलून ट्रकमध्ये फेकलं. परत मिळालं ते मोडूनच. नवऱ्याने हाय खाल्ली, वर्षभरात गेला.

टेलरबाईंनी मागच्या गल्लीत, बटणवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधली खोली घेतली. पँटी आखूड करत, चेन बदलत मुलीला वाढवलं. पण डूख काही गेला नाही. रोज मुद्दाम वाट वाकडी करून त्या शोरूमसमोरून जायच्या, राग शिळा होऊ नये म्हणून.

नवव्या वर्षी शेटजींनी दाराला संगमरवरी पायऱ्या बांधल्या, त्या थेट फूटपाथवर उतरल्या. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत बाईंनी गळ्यातली टेप काढून माप घेतलं. चार फूट दोन इंच बाहेर! लगेच नगरपालिकेत अर्ज दिला.

साहेब हसले. "बाई, तुम्हाला काय करायचंय?"

"मला पोचपावती हवीय."

मग दीड वर्ष, दर सोमवारी, त्या हातशिलाई घेऊन कचेरीच्या बाकावर जाऊन बसल्या. शेवटी साहेबच कंटाळले.

पायऱ्या फोडल्या त्या दिवशी बाईंनी दुकान बंद ठेवलं आणि समोरच्या फूटपाथवर खुर्ची टाकली. दुपारपर्यंत शोरूमचं दार साडेतीन फूट वर अधांतरी राहिलं. गिऱ्हाईकं खालूनच बघून पुढे जात होती. शेटजी नोकराच्या खांद्याला धरून कसेबसे उतरले आणि रस्ता ओलांडून आले.

"अर्ज तुमचा होता म्हणे?"

"माझाच."

"मी काय वाकडं केलं तुमचं?"

"जिन्याखालचा टेलर आठवतो?"

"कोण टेलर?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आपण जळतोय आणि याच्या गावीही नाही! त्यांनी शेटजींना भर रस्त्यात उभं करून सगळं ऐकवलं: ती सकाळ, तो ट्रक, नवऱ्याचा शेवटचा महिना. माणसं गोळा झाली. शेटजींची मान खाली गेली.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. मग दाराकडे बघून म्हणाले, "बाई, वर चढायला जरा खुर्ची द्याल?"

"नाही."

खुर्ची काखेत मारून त्या गल्लीत शिरल्या.

"झाला का जीव थंड?" मुलीने विचारलं.

"अर्धा. मागची गॅलरीपण बाहेर आलीय त्याची. सोमवारी जाते."