मोटारीची खांदमळणी

आमच्या घरचे चार बैल, दोन म्हशी आणि एक मोटार अशी सात जनावरं एका पोळ्याला नदीत उतरली. त्यातली सहा आपल्या पायांनी बाहेर आली.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी झरीचा. शाळेत दोन इयत्ता गेलो; तिसरीत मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. (चूक मास्तरांची होती. मी आजही तेच म्हणतो.) पण झरीत पहिली मोटार आणली ती मी! काळी कुळकुळीत, वर कापडी टप, आणि भोंगा असा की पहिल्याच दिवशी पारावरचे चार म्हातारे धोतर सावरत देवळात शिरले.

बायको पंचमीला माहेरी, जिंतूरला गेली आणि तिच्या माघारी मोटार आली. परभणीच्या बाजारात सासरे भेटले. चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, मोटार घेतली म्हणं. चालती का ढकलावं लागतं?"

माझं डोकं फिरलं. "पोळ्यापासून पाच दिवसांत तुमच्या लेकीला मोटारीतूनच घरी नेतो. पाचव्या दिवशी दिवस मावळायच्या आत न्हाई नेलं, तर दिवाळीपर्यंत तिला तुमच्याकडंच ठेवा!"

"ठरलं," सासरे म्हणाले. "अख्खा बाजार साक्षीला हाय."

दिवाळीला दोन महिने होते. खरं सांगायचं तर बायको नसल्यानं घर मला खायला उठलं होतं. पण असलं काही बाजारात बोलायचं नसतं.

आता आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांना नदीत धुवायचं, खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' मी विचार केला, घरच्या चार बैलांना हा मान आणि त्या सगळ्यांपेक्षा जोरात पळणारी मोटार तशीच धुळीत उभी?

आमचा सालगडी सटवाजी म्हणाला, "मालक, बैलाला खांदा असतो. हिला कुठाय?"

"चाकावरचे पत्रे दिसंनात का तुला? तेच खांदे!"

नुसती चाकं बुडतील एवढीच आत घालायची, असं ठरलं होतं. पण घाटाला उतार, त्यावर शेवाळ, आणि ब्रेक दाबायच्या ऐवजी मी सवयीनं ओरडलो, "होऽ! होऽ!" बैल थांबतात. मोटार थांबली नाही. पाणी माझ्या मांडीवर आलं, तेव्हा ती आपल्या मर्जीनं थांबली.

काठावर सगळा गाव बैल घेऊन उभा. आता चुकून आत गेली असं कसं म्हणायचं? मी तसाच बसून बादली मागवली आणि मोटार आतून-बाहेरून धुवायला सुरुवात केली. जणू घरून ठरवूनच आलो होतो! मग पत्र्यांना लोणी-हळद चोळली, भोंग्याजवळ तोंड नेलं आणि आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. ओढून काढायला मी बैल सोडले, तर आई दारात आडवी.

"पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानेवर जू? मी जित्ती हाय तवर न्हाई!"

"मग म्हशी लावतो!"

"लाव की. म्हशीचा कुठं पोळा असतो?"

म्हशी जुंपल्या. म्हशींनी नदी बघितली आणि दोरासकट पाण्यात जाऊन बसल्या. आता नदीत तीन काळी जनावरं झाली. दोन रवंथ करायलेली, एक गप.

दुपारी आई ताट घेऊन घाटावर आली आणि मोटारीच्या तोंडच्या जाळीत तिनं पुरणपोळी कोंबली.

"आई, हे काय करायलीस?"

"आवतन तू दिलंस ना? मग उपाशी ठेवतोस व्हय तिला?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार बैलांनी मोटार बाहेर काढली. त्यांची शिंगं अजून रंगवलेली, अंगावर झुली, आणि त्यांच्या मागं हळदीनं माखलेली मोटार! परभणीच्या वाटेवर लोकांना वाटलं, कुण्या देवाची मिरवणूक चाललीय. दोघांनी नारळ फोडले. मी प्रसाद घेतला.

जिथून मोटार घेतली त्या एजन्सीचे एजंटसाहेब डोळ्यांना सुरमा, दाढीला मेंदी लावणारे आणि लय अदबीचे. मोटारीभोवती एक फेरी मारून त्यांनी विकतानाचा कागद काढला.

"पाटीलसाब, कागदात लिहेलं हाय. ऊपर का पानी हमारा जिम्मा. नीचे का पानी आपका. पानी किधर से आया?"

"वरून," मी म्हणालो. "टप गळतो तुमचा! नव्या मोटारीचा टप गळतो म्हणजे काय?"

"पण पंधरा दिवस बारिश कहाँ है?"

"आमच्याकडं हाय."

"झरीत?"

"झरीत न्हाई. माझ्या घरावर."

तेवढ्यात मिस्त्रीनं मागची शीट उचलली. खाली गुडघाभर पाणी आणि त्यात बोटभर मासोळी. जिवंत!

"साब, ये बी ऊपर से?"

"आमच्याकडं पाऊस जोराचा पडतो," मी म्हणालो. एकदा बोललो की मी मागं फिरत नाही. मिस्त्रीनं जाळीतून पुरणपोळी ओढून काढली. मी वर टपाकडं बोट दाखवलं.

एजंटसाहेबांनी मासोळी काचेच्या पेल्यात पाणी भरून टेबलावर ठेवली आणि मान लववली. "पाटीलसाब का लफ्ज पत्थर की लकीर. मिस्त्री, टप दुरुस्त करो!"

दोन दिवस त्यांनी माझा धडधाकट टप दुरुस्त केला. टोचला, शिवला, ठिगळं लावली. इंजिनाला कुणी हात लावला नाही. पावसाच्या पाण्यानं इंजिनात वाळू कशी जाईल? मी समोर खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो. सांगणार काय? वरून आलं म्हणून मीच बोललो होतो!

पोळ्यापासून पाचव्या दिवशी सकाळी सासऱ्यांची बैलगाडी एजन्सीच्या दारात. आत माझी बायको! माझा बोभाटा जिंतूरपर्यंत गेला होता.

"घरी बसंना," सासरे म्हणाले. "म्हणाली, मला दाखवाच. काय जावईबापू, चालती का?"

"टप दुरुस्त झालाय," मी म्हणालो.

बायको टेबलापाशी गेली. पेल्यात बघितलं.

"ही तर आपल्या घाटावरची दिसती."

तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "आवो, मला दिवाळीपर्यंत जिंतूरला ऱ्हायचं न्हाई. काय असंल ते सांगून मोकळं व्हा."

मास्तरांनी तिसरीत छड्या मोडल्या, तरी मी चूक कबूल केली नव्हती. पण ती दोन महिन्यांचं बोलत होती, आणि घर कसं खायला उठतं ते मला माहीत होतं.

"घातली," मी म्हणालो. "नदीत घातली."

"ज़रा ज़ोर से, पाटीलसाब," एजंटसाहेब म्हणाले.

"नदीत घातली! बैलासारखी धुतली! पण एक सांगतो, निघाली लय स्वच्छ!"

एजंटसाहेब खुर्चीतून घसरले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतला सुरमा दाढीत उतरला. "मिस्त्री, इंजन खोलो! पैसा नक्को पाटीलसाब. तीन दिन पोट दाबून बैठा था मैं!"

मिस्त्रीनं इंजिनातून घमेलंभर वाळू काढली. दिवस कलला तेव्हा मोटार खोकली, शिंकली आणि सुरू झाली. सासऱ्यांनी सूर्याकडं बघितलं, अजून हातभर वर होता. "गेली दिवाळी आमची," ते म्हणाले आणि लेकीचं गाठोडं त्यांनीच मोटारीत ठेवलं. पेला बायकोनं मांडीवर घेतला. मासोळी घाटावर सोडायची होती.

परभणी सोडून दोन कोस गेलो आणि पंधरा दिवस दडून बसलेला पाऊस आला. धो धो! दुरुस्त केलेल्या टपाला सुईनं जेवढी भोकं पडली होती, तेवढ्या धारा लागल्या. माझा फेटा भिजला, बायकोचं गाठोडं भिजलं. पेला काठोकाठ भरला, मासोळी तेवढी खूश.

बायको म्हणाली, "माघारी फिरवा की मोटार. आता खरंच वरून पडायलंय."

मी मोटार थांबवली. एजंटसाहेबांचं तोंड आठवलं. टेबल आठवलं, पेल्याची रिकामी जागा आठवली.

"छत्री उघड," मी म्हणालो.

त्या मोटारीत पुढं सहा पावसाळे आम्ही छत्री उघडून बसलो. लोक विचारायचे, "मालक, वर टप असताना छत्री कशाला?"

मी सांगायचो, "ऊन लागतं."